पेसाहची तयारी: सुरुवात हिंगाच्या डबीपासून

बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुद्यांच्या, घरात पेसाह (यहुदी वल्हांडण सण) पहिल्यांदाच तुमच्या हाती आला असेल, तर सेदरच्या, म्हणजे सणाच्या रात्रीच्या विधिवत जेवणाच्या, ताटाची चिंता आता करू नका. खरं काम स्वयंपाकघरात आहे आणि त्याला दोन आठवडे सहज लागतात. २०२७ मध्ये सेदरची पहिली रात्र २१ एप्रिलला, बुधवारी येते. तिथून मागे मोजायला लागा. इस्राएलमध्ये सण सात दिवसांचा, आपल्याकडे आठ.

आधी हामेत्झ, म्हणजे खमीर, घराबाहेर. गहू, जव, ओट, राय आणि स्पेल्ट या पाच धान्यांचं, पाणी लागून फुगू शकेल असं काहीही ठेवायचं नाही. पाव, बिस्किटं, रवा, शेवया सगळ्यांना आठवतात. हिंग मात्र राहून जातो. डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. लेबल वाचा. माल्टची पावडर आणि बिअरही याच यादीत. टाकून देणं जिवावर येत असेल, तर कपाटात बंद करून सिनेगॉगमार्फत (यहुदी प्रार्थनागृहामार्फत) बिगरयहुदी माणसाला रीतसर विकता येतं. तांदूळ आपल्याकडे चालतो, पण तीनदा निवडून. अश्केनाझी (युरोपीय परंपरेचे यहुदी) पाहुणे जेवायला असतील तर त्यांना आधी विचारा, त्यांच्यात परंपरेने भात वर्ज्य आहे.

धातूची भांडी घासून चोवीस तास न वापरता ठेवा, मग उकळत्या पाण्यात पूर्ण बुडवून काढा. मातीची भांडी अशी शुद्ध होत नाहीत. ती बाजूला ठेवा. कोकणातल्या जुन्या पिढ्या या सणाला ‘अनाशी ढाकाचा सण’ म्हणत. अनास म्हणजे आंबट पाण्याचं भांडं; ते झाकून ठेवण्यावरून हे नाव पडलं.

आता मनुकांचं सरबत, कारण आपल्या घरांत किद्दुशला, म्हणजे पेल्यावर म्हणायच्या आशीर्वादाला, वाइनऐवजी तेच असतं. पाव किलो काळ्या मनुका धुऊन लिटरभर पाण्यात फ्रीजमध्ये रात्रभर भिजवा, सकाळी चांगल्या कुस्करा, फडक्यातून पिळून गाळा. सेदरला प्रत्येकाला चार पेले लागतात, म्हणून माणशी अर्धा लिटर धरा. हारोसेतसाठी, म्हणजे सेदरच्या ताटातल्या गोड चटणीसाठी, अर्धा किलो बिनबियांचा खजूर गरम पाण्यात मऊ करून गाळा आणि मंद आचेवर आटवा. चमच्याला चिकटायला लागला की उतरवा, गार झाल्यावर आणखी घट्ट होतो. वर अक्रोडाचा भरडा.

मात्झा (बिनखमिराची पातळ रोटी) विकतचा आणलात तर कमीपणा नाही. घरी करायचा तर पिठाला पाणी लागल्यापासून अठरा मिनिटांत भाजून झाला पाहिजे. एकटीने जमत नाही. एकीने मळावं, दुसरीने लाटावं, तिसरीने तव्याजवळ उभं राहावं.

सेदरच्या आदल्या रात्री अंधार करून मेणबत्तीच्या उजेडात घरात हामेत्झ शोधायचं. पावाचे दहा तुकडे आधी कागदात गुंडाळून लपवतात. किती आणि कुठे ते लिहून ठेवा. सापडलेलं सगळं सकाळी जाळायचं.

सेदरच्या ताटात भाजलेली नळी (हाड), उकडलेलं अंडं, कडू भाजी (लेट्यूस चालतं), हारोसेत आणि सेलरी किंवा बटाटा. शेजारी मिठाचं पाणी आणि झाकलेले तीन मात्झा. ही रात्र वेगळी का, याबद्दलचे ठरलेले चार प्रश्न सर्वांत लहान मुलाने विचारायचे. हिब्रू अडखळत असेल तर खुशाल मराठीत वाचा. १८७४ साली पुण्यात हिब्रू-मराठी सचित्र हागादा (सेदरला वाचायची पोथी) छापली गेली होती आणि तिच्यात साड्या नेसलेल्या बायका मात्झा करताना दिसतात. इजिप्तवर आलेल्या दहा पीडांची नावं घेताना प्रत्येक पीडेला पेल्यातला एक थेंब काढायचा, म्हणून पांढरी चादर अंथरू नका.

मधला मात्झा मोडून मोठा तुकडा, अफिकोमान, लपवतात. जेवणानंतर तो खाल्ला की मग काही खायचं नाही, आणि तो मध्यरात्रीच्या आत खायचा असतो. मुलांना शोधू द्या, पण जागा एका मोठ्या माणसाला ठाऊक असू द्या.