दुबईत कंपनी काढण्याआधी नाशिकच्या बँकेत जा

परदेशात कंपनी काढू पाहणारे आपल्याकडचे द्राक्ष आणि कांदा निर्यातदार पहिली चौकशी दुबईच्या एजंटाकडे करतात. ती अवश्य करावी, पण त्याआधी आपल्या बँकेच्या परकीय चलन विभागात जाऊन परदेशी गुंतवणुकीची माहिती देण्याचा ‘फॉर्म एफसी’ मागावा. 2022 च्या ओव्हरसीज इन्व्हेस्टमेंट नियमांनुसार, शेअर बाजारात नोंद नसलेल्या परदेशी कंपनीच्या भांडवलात घातलेली रक्कम ही थेट परदेशी गुंतवणूक ठरते आणि रिझर्व्ह बँकेचा यूआयएन, म्हणजे त्या परदेशी कंपनीसाठीचा ओळख क्रमांक, मिळाल्याशिवाय ती पाठवता येत नाही.

पिंपळगाव बसवंतच्या एका परिचिताने घाईघाईत ‘कुटुंबाचा निर्वाह’ असा परपज कोड (पैसे कशासाठी पाठवले हे बँकेला सांगणारा संकेतांक) टाकून भांडवल पाठवले. कंपनी उभी राहिली, परंतु ती रक्कम नियमित करून घेण्यासाठी सीएच्या कार्यालयात त्यांना इतक्या चकरा माराव्या लागल्या, की तेवढ्यात द्राक्षाचा एक हंगाम उलटला.

वैयक्तिक नावावर गुंतवणूक असल्यास एका आर्थिक वर्षाची मर्यादा 2,50,000 डॉलर असते, आणि त्याच मर्यादेत परदेशी शिकणाऱ्या मुलाला आपण पाठवलेले पैसेही मोजले जातात, हे अनेकांच्या ध्यानात राहत नाही. शेअर सर्टिफिकेट सहा महिन्यांत बँकेला द्यावे. हिस्सा 10 टक्के किंवा अधिक असल्यास दरवर्षी 31 डिसेंबरपर्यंत वार्षिक कामगिरी अहवाल भरावा लागतो. प्राप्तिकर विवरणपत्रातील ‘शेड्यूल एफए’, म्हणजे परदेशातील मालमत्तेचा तक्ता, मात्र कंपनीने एक दिरहमही कमावला नसला तरी भरावेच लागते.