शब्दावर जोर देताना या चुका टाळा

कोल्हापुरात शाळकरी मुलांची वक्तृत्वाची तयारी करून घेते, तेव्हा दर पावसाळ्यात तेच पुन्हा सांगावं लागतं. जोर द्यायचा म्हणजे बोलताना आवाज चढवायचा आणि लिहिताना दिसेल तिथं ‘च’ लावायचा, असं मुलांना कुणीतरी शिकवून ठेवलेलं असतं.

सगळ्यात महागात पडतो तो ‘च’. आठवीतली एक मुलगी शाहू महाराजांवर बोलणार होती. 26 जुलै 1902 चा हुकूम तिला नीट समजला होता: संस्थानच्या नोकरीत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी 50 टक्के मागासलेल्या वर्गांना द्यायच्या. स्पर्धेच्या आदल्या रात्री घरी कुणीतरी सांगितलं, भाषणात दम हवा. दुसऱ्या दिवशी ती ठणकावून म्हणाली, “महाराजांनी 50 टक्केच जागा राखून ठेवल्या!” परीक्षकांनी माना वर केल्या. एवढा धाडसी निर्णय एका अक्षरानं हात आखडता घेतल्यासारखा झाला. खाली आल्यावर ती रडवेली होऊन म्हणाली, “बाई, मी जोर दिला की.” दिला होता, पण भलत्या शब्दावर. “1902 सालीच” म्हणाली असती तर काळाच्या किती पुढं होते महाराज, ते सभागृहाला कळलं असतं.

हा ‘च’ संस्कृतातल्या ‘आणि’ अर्थाच्या ‘च’सारखा वागत नाही. गाहा सत्तसई या जुन्या प्राकृत काव्यसंग्रहात ‘च्चिअ’, ‘च्चेअ’ भेटतात, ते याचे पूर्वज. बाराव्या शतकातला जैन पंडित हेमचंद्र, त्यानं प्राकृत व्याकरणात अशा शब्दांचा अर्थ ‘अवधारण’ असा दिलाय, म्हणजे हेच, दुसरं नाही. ज्याला चिकटेल तेवढं ठेवून बाकीचं बाहेर काढणारं अक्षर आहे हे. म्हणून भाषण लिहून झालं की मी सगळे ‘च’ आणि ‘ही’ पेन्सिलनं खोडते, मोठ्यानं वाचते आणि वाक्य लंगडलं तर तिथंच परत घालते. अर्धा तास जातो. “दोन दिवसांत बसवून द्या” म्हणणाऱ्या पालकांना हा अर्धा तास जड वाटतो, पण मी तो सोडत नाही.

दुसरी चूक आवाजाची. ‘जोर’ शब्द फारसीतून आला आणि आपल्या तालमींनी तो जोर-बैठकांत मुरवला, त्यामुळं जोर म्हटलं की आपल्याला अंगातली ताकदच आठवते. इंग्रजीतला ‘एम्फसिस’ मात्र ग्रीक आहे आणि त्याच्या मुळाशी ‘दाखवणं, प्रकट करणं’ असा अर्थ आहे. ‘फेनॉमेनन’, म्हणजे दिसून येणारी गोष्ट, हा शब्दही त्याच धातूचा. पहिल्या शतकातला रोमन वक्तृत्वशिक्षक क्विंटिलियन ‘एम्फसिस’ नावाच्या अलंकाराबद्दल सांगतो, की शब्द वरवर म्हणतात त्यापेक्षा खोल अर्थ त्यातून कळतो. त्याचं उदाहरण मला फार आवडतं: ट्रॉयच्या युद्धकथेतल्या लाकडी घोड्यात लपायला ग्रीक योद्धे ‘उतरले’. घोडा केवढा होता हे त्या एका क्रियापदानं दाखवलं. आपल्याकडं “आजी कणगीत उतरली” म्हटलं की कणगी केवढी ते कळतं, “खूप खूप मोठी कणगी” असं ओरडावं लागत नाही. मुलांना मी आधी असं क्रियापद शोधायला लावते, आवाजाचं नंतर बघू.

बाकीच्या किरकोळ. ‘आज च’ असं तोडून लिहू नका, ‘आजच’ लिहा. ‘फक्त दोनच’ आणि ‘मीहीसुद्धा’ यांत एकेक शब्द जास्त आहे. तीन उद्गारचिन्हं कधीच नकोत. सगळा परिच्छेद ठळक केला तर काहीच ठळक दिसत नाही.

आणि संवाद लिहिताना कोल्हापुरी ‘की’ अशुद्ध समजून खोडू नका. “बस की”, “जेव की” यातला आग्रह त्या ‘की’तच आहे. प्रमाण मराठी करायच्या नादात मुलं नुसतं “जेव” लिहितात, आणि मायेनं वाढणारी आजी एकदम हुकूम सोडायला लागते.