भिंतीवरचं बटणही चालतं ठेवून दिव्यांना रिमोट कसा बसवावा

रिमोटवर चालणारा दिवा मागितला की बेळगावच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात काउंटरवर एकदम तीन-चार वस्तू येऊन पडतात. रिमोटसकट मिळणारा बल्ब, रिमोटचा होल्डर, बोर्डाच्या आत बसणारं मॉड्यूल आणि मोबाईलवर चालणारं वायफायचं मॉड्यूल. त्यातलं कुठलं घ्यायचं हे ठरवण्याआधी घरात बसून एकाच गोष्टीचा विचार करा. रिमोट सापडत नाही, सेल संपलाय किंवा मॉड्यूलच जळलंय, तर त्या रात्री दिवा कसा लावणार? घरात म्हातारी माणसं असतील, पै-पाहुण्यांची ये-जा असेल, तर भिंतीवरचं जुनं बटण पहिल्यासारखंच चाललं पाहिजे. रिमोट ही वरची सोय. पुढचं सगळं याच हिशेबाने लिहिलंय.

काय घ्यावं

रिमोटचा होल्डर सगळ्यात सोपा. जुन्या होल्डरमध्ये तो अडकवायचा, त्यात बल्ब लावायचा, झालं. वायरला हात लावावा लागत नाही. पण भिंतीवरचं बटण कायम चालू ठेवावं लागतं. सोप्यातला, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीतला, दिवा असेल तर जाता-येता कुणीतरी सवयीने बटण बंद करणारच, मग आतून रिमोट कितीही दाबा, उपयोग नाही. एकट्याच्या खोलीला होल्डर ठीक, सोप्याला आणि स्वयंपाकघराला नको.

रिमोट दोन जातींचे. टीव्हीसारखा इन्फ्रारेड रिमोट समोरासमोर धरावा लागतो, मध्ये दार आलं की संपलं. आरएफ म्हणजे रेडिओवर चालणारा रिमोट (बहुतेक ४३३ मेगाहर्ट्झचा) भिंतीपलीकडून चालतो. खानापूर, जांबोटीकडच्या चिऱ्याच्या जाड भिंतीतूनही तो एखादी खोली ओलांडतो. अडतो तो पत्र्याशी. बोर्डाची पेटी लोखंडी असेल तर मॉड्यूलची अँटेनाची बारीक वायर पेटीबाहेर काढावी लागते. ती साधारण १७ सेंटिमीटर असते आणि तिची लांबी त्या लहरीच्या हिशेबाने ठरवलेली असते, म्हणून ती कापू नका आणि गुंडाळून इतर वायरींत कोंबूही नका. रिमोट लांबून चालत नाही अशी तक्रार असेल तर आधी ही वायर बघा.

वायफायचं मॉड्यूल मोबाईलवरून चालतं, वेळ लावून ठेवता येते, गावाला गेल्यावरही दिवा लावता येतो. त्यातली बरीचशी मॉड्यूल फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. राउटर ५ गिगाहर्ट्झवर असला की जोडणी होत नाही आणि माणूस मॉड्यूलला शिव्या घालत बसतो. राउटरचा पासवर्ड बदलला की एकूण एक मॉड्यूल पुन्हा जोडावं लागतं, तेही लक्षात असू द्या. नेट भरवशाचं नसेल अशा गावात मी तरी आरएफच घेईन.

दुकानात मॉड्यूल हातात घेऊन दोन गोष्टी बघा. जुनं बटण जोडायला त्यावर जागा आहे का? एस १, एस २ असं छापलेलं असतं. ती नसेल तर रिलेचे (मॉड्यूलच्या आतलं, विजेवर फिरणारं बटण) तिन्ही संपर्क, म्हणजे कॉमन, एनओ (एरवी सुटा) आणि एनसी (एरवी जोडलेला), बाहेर दिलेत का? दोन्हीपैकी एकही नसेल तर ते मॉड्यूल परत द्या.

बोर्ड उघडण्याआधी

मेन स्विच पाडला म्हणजे करंट गेला असं आपल्याकडे धरून चालता येत नाही, कारण घरात इन्व्हर्टर असतो. मेन पडला की इन्व्हर्टर दुसऱ्याच क्षणी त्याच बोर्डात २३० व्होल्ट सोडतो. म्हणून एमसीबी पाडा, इन्व्हर्टरही बंद करा आणि मग तपासा. टेस्टर आधी चालू असलेल्या दुसऱ्या एखाद्या सॉकेटवर लावून तो पेटतो याची खात्री करा, मग उघडलेल्या बोर्डातल्या प्रत्येक स्क्रूला लावा, शेवटी पुन्हा चालू सॉकेटवर लावा. टेस्टर मधेच मेला तर तिसऱ्या वेळी कळतं.

घरातलं वायरिंग नियमाप्रमाणे परवाना असलेल्या वायरमनकडूनच करून घ्यायचं असतं. तुम्ही स्वतः वायरमन नसाल तर खालचं वाचा, समजून घ्या आणि त्याच्या शेजारी उभं राहून काम तसंच होतंय का ते बघा. खांबापासून मीटरपर्यंतचं काहीही हेस्कॉमचं, म्हणजे वीज कंपनीचं, तिथे घरगुती हुशारी नको. १९१२ ला फोन लावायचा.

शहापूर-वडगावात घरातच माग असतात. मागाचं कनेक्शन वेगळं, घराचं वेगळं. जवळ आहे म्हणून मागाच्या लाईनचा न्यूट्रल घरच्या दिव्याच्या मॉड्यूलला देऊ नका. फेज एका मीटरचा आणि न्यूट्रल दुसऱ्याचा झाला की आरसीसीबी (करंट गळला की पडणारा स्विच) असेल तर पडत राहतो. नसेल तर आणखी वाईट, कारण एकीकडची लाईन बंद करूनही वायरीत करंट राहू शकतो.

न्यूट्रल शोधा

साध्या बटणाला फक्त फेज लागतो. मॉड्यूलच्या पोटात छोटा पॉवर सप्लाय असतो, त्याला फेज आणि न्यूट्रल दोन्ही लागतात. बोर्डावर सॉकेट असेल तर न्यूट्रल तिथवर आलेलाच आहे. जुन्या कौलारू घरात जिन्याजवळ किंवा न्हाणीबाहेर एकटं बटण असतं, तिथे बहुतेक वेळा न्यूट्रल नसतो. अशा ठिकाणी मॉड्यूल वर दिव्याजवळच्या जंक्शनमध्ये बसवावं लागतं.

रंगांवर विश्वास नको. लाल फेज, काळा न्यूट्रल, हिरवं अर्थिंग हे पुस्तकात. जुन्या घरात मिस्त्रीच्या पिशवीत ज्या रंगाची वायर उरली ती आत गेलेली असते. कधीकधी तर फेजऐवजी न्यूट्रलच बटणातून फिरवलेला सापडतो. एलईडी बल्ब बंद केल्यावरही मिणमिणत असेल तर ही शंका घ्या. बटण बंद केलं तरी होल्डरमध्ये करंट उभाच असतो, म्हणून रिमोट बसवायच्या आधी ही चूक दुरुस्त करून घ्या.

जोडणीची पहिली पद्धत

एस १, एस २ असलेल्या मॉड्यूलची जोडणी कागदावर सोपी दिसते. फेज आणि न्यूट्रल आत, दिव्याची वायर बाहेर, जुन्या बटणाच्या दोन वायरी एस १ आणि एस २ ला. गोंधळ होतो तो लूपमध्ये.

लाकडी बोर्डावरची सनमायकाची पट्टी उलटी करून बघा (आत कुंभारणीचं मातीचं घर किंवा वाळलेली पाल निघाली तर घाबरू नका, ब्रशने साफ करा). प्रत्येक बटणाच्या एका टोकाला एक छोटी वायर एका बटणावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर गेलेली दिसेल. फेज असा हातोहात पुढे जातो. आता तुम्हाला मधल्या बटणाचा दिवा रिमोटवर घ्यायचाय. एस १, एस २ या टोकांवर मॉड्यूल स्वतःचा बारीक करंट सोडतं, तिथे बाहेरून २३० व्होल्ट गेले की मॉड्यूल त्याच क्षणी जळतं. म्हणजे मधल्या बटणावरून फेज काढायलाच हवा. पण तो नुसता काढला तर पुढची सगळी बटणं मरतात.

म्हणून असं करा. मधल्या बटणाच्या स्क्रूतून लूपच्या दोन्ही वायरी सोडवा. त्या दोन्ही आणि मॉड्यूलच्या फेजची तिसरी वायर अशा तिघी एका कनेक्टरमध्ये घट्ट बसवा. पुढच्या बटणांचा फेज पुन्हा जोडला गेला, मॉड्यूललाही मिळाला आणि मधलं बटण मोकळं झालं. दिव्याकडे जाणारी वायर त्या बटणाच्या दुसऱ्या टोकावरून काढून मॉड्यूलच्या बाहेरच्या फेजला लावा. आता कोऱ्या झालेल्या बटणावरून दोन नव्या बारीक वायरी एस १, एस २ ला. न्यूट्रल सॉकेटच्या टोकावरून घ्या. पिळून टेप गुंडाळलेला जोड पावसाळ्यात सैल पडतो आणि तापतो, त्यापेक्षा स्क्रूचा किंवा दाबाचा कनेक्टर वापरा.

एस १, एस २ वर व्होल्टेज कमी असलं तरी स्वस्त मॉड्यूलमध्ये ती टोकं मेन लाईनपासून सुटी केलेली नसतात. करंट चालू असताना त्यांनाही हात लावायचा नाही.

दुसरी पद्धत, मला जास्त आवडणारी

पहिल्या पद्धतीत एक खोट राहतेच. मॉड्यूल जळलं की बटणही मेलं, कारण बटण मॉड्यूलला फक्त विनंती करतं, दिवा लावतं ते मॉड्यूलच. वळवाच्या विजा पडणाऱ्या मुलखात मॉड्यूल जळणं नवलाचं नाही.

यावर जुना उपाय आहे. जिन्यातला दिवा खालूनही लागतो आणि वरूनही, ती टू-वे जोडणी. इथे वरच्या बटणाच्या जागी रिले ठेवायचा. फेज रिलेच्या कॉमनला द्या. भिंतीवरचं साधं बटण काढून टू-वे बटण बसवा. रिलेच्या एनओ आणि एनसीवरून दोन वायरी त्या बटणाच्या दोन कडेच्या टोकांना, आणि बटणाच्या मधल्या टोकावरून दिव्याला. रिमोट दाबला तरी दिवा बदलतो, बटण दाबलं तरी बदलतो. मॉड्यूल मेलं तर रिले एनसीवर पडून राहतो आणि बटण आपलं काम नेहमीसारखं करत राहतं.

याची किंमत एवढीच की बटण वर की खाली यावरून दिवा चालू आहे की बंद हे कळत नाही. आणि करंट गेला की काही रिले सुटतात, मग परत आल्यावर बंद दिवा लागलेला किंवा लागलेला बंद झालेला दिसतो. शेवटची स्थिती लक्षात ठेवणारं मॉड्यूल घेतलं तर हा त्रास जातो. खरं तर पहिल्या पद्धतीतही हा गुण बघूनच घ्या. रात्री दोनला गेलेली लाईट चारला आली आणि झोपायच्या खोलीतले सगळे दिवे एकदम पेटले, तर घरचे दुसऱ्या दिवशी ते मॉड्यूल उखडून ठेवायला लावतील.

रिमोट शिकवणं

आरएफ मॉड्यूलवर एक बारीक बटण असतं. ते दाबलं की छोटा दिवा लुकलुकतो, तेवढ्यात रिमोटचं हवं ते बटण दाबायचं. झाली ओळख. किती वेळा दाबायचं, जुनी ओळख कशी पुसायची हे प्रत्येक मॉड्यूलचं वेगळं असतं, सोबतचा कागद टाकून देऊ नका. मोड विचारला तर टॉगल किंवा लॅच निवडा. मोमेंटरी मोडमध्ये बोट काढलं की दिवा जातो, तो डोअरबेलसाठी.

या रिमोटमध्ये बऱ्याचदा १२ व्होल्टचा २३ए किंवा २७ए सेल असतो, दिसायला सारखेच पण आकार वेगळा, म्हणून दुकानात जुना सेल घेऊन जा. सीआर २०३२ चा चपटा सेल असेल तर तो लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. पोटात किंवा घशात गेला तर वाट न बघता दवाखाना गाठायचा.

काय जोडू नये

रिलेवर १० अँपिअर लिहिलेलं असतं म्हणून गिझर किंवा बोअरची मोटर जोडायचा मोह होतो. मोटर सुरू होताना कितीतरी पट करंट ओढते, रिलेचे संपर्क चिकटतात आणि मग ती बंदच होत नाही. मोटरला तिचा स्टार्टर हवा. पंख्याला मॉड्यूल चालेल, पण वेग बदलायचा असेल तर पंख्यासाठीच केलेलं घ्या. बीएलडीसी पंख्याला स्वतःचा रिमोट असतो, त्याच्या वाटेला जाऊ नका.

कर्नाटकातल्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेचा हिशेब करणाऱ्यांनी एक पाहावं. दिवा बंद असतानाही मॉड्यूल जागं असतं. एकाला एक वॅट धरला तर पाच मॉड्यूल महिन्याला साडेतीनएक युनिट खातात. फार नाही, पण बिल २०० युनिटांच्या काठावर असेल तर त्या महिन्यात सगळंच बिल अंगावर येऊ शकतं.

पाऊस आणि वीज

कणकुंबी, आमगावच्या बाजूला पावसाळ्यात चिऱ्याची भिंतच पाझरते. तिथे मॉड्यूल भिंतीत गाडण्यापेक्षा प्लॅस्टिकच्या पेटीत, भिंतीपासून थोडं सुटं लावा. पडवीतल्या किंवा गेटवरच्या दिव्याचं मॉड्यूल घरात ठेवा, बाहेर फक्त दिव्याची वायर जाऊ द्या. सर्ज प्रोटेक्टर लावत असाल तर आधी अर्थिंग तपासा. जांभ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी पडली की अर्थिंग कमजोर होतं, आणि वळीव नेमका तेव्हाच येतो. चैत्रापासून अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतत राहा.

काम झाल्यावर एमसीबीच्या पेटीवर कुठला एमसीबी कशाचा ते लिहून ठेवा. वायरमन कन्नडमध्ये लिहून गेला असेल तर खाली मराठीतही लिहा. घरातल्या प्रत्येकाला अंधारात टॉर्चवर ते वाचता आलं पाहिजे.

भाड्याचं घर असेल किंवा फक्त गणपतीच्या मखरापुरती सोय हवी असेल, तर यातलं काहीच करू नका. रिमोटचं प्लग-सॉकेट मिळतं, ते भिंतीच्या सॉकेटमध्ये खुपसायचं आणि मखराची माळ त्यात. अकरा दिवसांनी काढून, सेल बाहेर काढून डब्यात ठेवायचं. सेल आत राहिला तर पुढच्या चतुर्थीला रिमोटमधून हिरवट पावडर निघते.