पायथॉनमध्ये रीट्राय लिहिताना या चुका टाळा

फंक्शन फसलं तर पुन्हा चालवायचं, पण ठरावीक एक्सेप्शन (कोड चालताना येणारा एरर) आलं की तिथेच थांबायचं. मागणी इतकी साधी असूनही कोड चुकतो, कारण कुठला एरर कुठल्या क्लासमधून आला आहे हे सहसा कुणी बघत नाही.

सुरुवात क्रमापासून. पायथॉन एक्सेप्टचे, म्हणजे एरर पकडणारे, ब्लॉक वरून खाली तपासतो आणि जुळेल त्या पहिल्याच ब्लॉकमध्ये शिरतो. वर सरसकट एक्सेप्शन पकडून खाली व्हॅल्यूएरर रीट्रायमधून वगळायला गेलात, तर खालचा ब्लॉक कधीच चालत नाही आणि पायथॉन त्याबद्दल अवाक्षरही काढत नाही. वगळायचे प्रकार आधी लिहा, त्यात नुसतं रेज ठेवा, म्हणजे तोच एरर पुन्हा बाहेर जातो.

खरी फसगत वारशात, म्हणजे कुठला क्लास कुठल्या क्लासपासून बनला यात, आहे. टाइमआउटएरर आणि कनेक्शनएरर आले तर पुन्हा प्रयत्न करण्यात अर्थ असतो. फाइलनॉटफाउंडएरर किंवा परमिशनएररसाठी सहसा नसतो. पण हे चारही ओएसएररचे उपवर्ग आहेत! 'फाइलचे एरर नकोत' म्हणून वगळण्याच्या यादीत ओएसएरर टाकला, की नेटवर्कचा रीट्रायही गुपचूप बंद होतो. रिक्वेस्ट्स लायब्ररीचे नेटवर्क एररसुद्धा याच घराण्यातले. म्हणून यादीत नेमका उपवर्गच लिहा आणि शंका असेल तिथे इझसबक्लास हे फंक्शन वापरून तपासा.

ही यादी टपलमध्येच (गोल कंसात) हवी. एक्सेप्टला लिस्ट दिली तर कोड बिनतक्रार सुरू होतो आणि एरर आल्यावर वेगळाच टाइपएरर फेकतो. प्रकार न लिहिलेला मोकळा एक्सेप्टही नको, तो कीबोर्डइंटरप्टसुद्धा गिळतो. मग कंट्रोल-सी दाबूनही लूप थांबत नाही.

कधी कधी नुसता प्रकार पुरत नाही. वेब सर्व्हरच्या ४०४ (पान सापडलं नाही) आणि ५०३ (सेवा तात्पुरती बंद) या दोन्ही स्टेटस कोडसाठी तोच एचटीटीपीएरर येतो. पहिल्यावर थांबायचं, दुसऱ्यावर थोडं थांबून पुन्हा विचारायचं, म्हणजे स्टेटस कोड बघणं आलंच.

टेनॅसिटी ही रीट्रायसाठीची लायब्ररी वापरत असाल तर रीट्राय-इफ-नॉट-एक्सेप्शन-टाइप हे तयार मिळतं. मात्र काहीच सांगितलं नाही तर ती लायब्ररी मध्ये न थांबता अनंत वेळा प्रयत्न करते, तेव्हा स्टॉप (कधी थांबायचं) आणि वेट (मध्ये किती वेळ जाऊ द्यायचा) द्याच. शिवाय वगळलेलं एक्सेप्शन मूळ रूपात बाहेर येतं, पण प्रयत्न संपल्यावर रीट्रायएरर येतो. दोन्हीकडे मूळ एररच हवा असेल, तर रीरेज ट्रू करा.