वणव्याच्या भीतीने वीज बंद होणार असेल, तर या चुका टाळा

कॅलिफोर्नियात शरद ऋतूत डोंगरांवरून कोरडे, सुसाट वारे सुटले की वीजकंपन्या आपल्या वाहिन्या स्वतःहून बंद करतात. 8 नोव्हेंबर 2018 रोजी पॅरडाइज हे गाव बेचिराख करून 85 जणांचा बळी घेणारी आग एका जुन्या उच्चदाब वाहिनीवरील झिजलेला हूक तुटल्याने लागली होती. त्यानंतर या खबरदारीचा वापर बराच वाढला.

महाराष्ट्रातून तिकडे गेलेली मंडळी या प्रकाराला भारनियमन समजतात, आणि बाकीच्या बहुतेक चुका त्यातूनच होतात. भारनियमनात ठरलेल्या तासाला वीज परत येते. येथे मात्र वारा पडल्यावरही ती लगेच येत नाही, कारण तारेवर अडकलेली एखादी फांदी वीज सोडताच ठिणगी पाडू शकते. म्हणून कर्मचारी गाडीतून, पायी आणि हेलिकॉप्टरमधून सगळी वाहिनी तपासतात, आणि हे काम मुख्यतः उजेडातच होते. वारा संध्याकाळी थांबला तर वीज दुसऱ्या दिवशी येईल असे धरून चालावे आणि तयारी किमान दोन दिवसांची ठेवावी.

छतावर सौर पॅनेल असल्याने आपल्याला चिंता नाही, हा समजही फसवा आहे. बॅटरी नसलेली सौर यंत्रणा बाहेरची वीज गेल्यावर आपोआप बंद पडते. तारांवर काम करणाऱ्यांच्या सुरक्षेसाठी ती तशीच बनवलेली असते.

जनरेटरच्या बाबतीतील चूक जिवावर बेतते. दार अर्धे उघडे ठेवले तरी गॅरेजमध्ये तो चालवू नये, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. घरापासून किमान 6 मीटर दूर, खिडक्यांपासून लांब ठेवावा. त्याची वायर भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचण्याचा जुगाड तर मुळीच करू नये. चेंजओव्हर स्विच (घराला बाहेरच्या तारांपासून तोडून जनरेटरला जोडणारा) नसेल तर ती वीज उलटी बाहेर जाते, ट्रान्सफॉर्मरमध्ये तिचा दाब वाढतो आणि ज्या तारा बंद आहेत असे लाइनमन धरून चालतो, त्यांत ती उतरते.

फ्रिज न उघडल्यास सुमारे 4 तास थंड राहतो, तर भरलेला फ्रीझर 48 तास आणि अर्धा भरलेला 24 तास. त्यानंतर दूध, मांस किंवा उरलेली आमटी चाखून ठरवण्याची आपली सवय सोडावी. घातक जंतू चवीला कळत नाहीत.

गॅरेजचे दार हाताने उघडण्यासाठी मोटरपाशी बहुधा लाल दोरी लोंबत असते. ती ओढून दार उचलण्याचा सराव आधीच करावा. विहिरीवर पंप असेल तर पाणीही भरून ठेवावे. ऑक्टोबर 2019 मध्ये मरिन काउंटीतील (काउंटी म्हणजे तिकडचा जिल्हा) निम्म्याहून अधिक मोबाइल टॉवर बंद पडले होते, म्हणून केवळ फोनवर विसंबू नये. बॅटरीवर चालणारा रेडिओ हवाच. वैद्यकीय उपकरणांसाठी कंपनीकडे नाव नोंदवल्यास आगाऊ सूचनेची अधिक खात्री मिळते, पण त्यामुळे त्या घराची वीज चालू राहत नाही.

शेवटचा गैरसमज असा, की वीज बंद आहे म्हणजे आगही लागणार नाही. 23 ऑक्टोबर 2019 रोजी गायझरव्हिल गावाजवळ घरोघरी वीज नेणाऱ्या वितरण वाहिन्या बंद होत्या, उच्चदाब वाहिनी मात्र चालू होती, आणि किनकेड नावाची आग तिथेच पेटली. घर सोडण्याचे आदेश वीजकंपनी देत नाही. त्यासाठी काउंटीच्या सूचनासेवेत वेगळी नोंदणी करावी लागते.