नरक्याच्या फांदीतली बुरशी: वेगळी करण्यापासून खात्रीपर्यंत

सह्याद्रीतल्या नरक्या या झाडात कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य असतं. इरिनोटेकान आणि टोपोटेकान ही कर्करोगावरची औषधं त्यापासून बनतात, आणि त्यापायी या झाडाची बेसुमार तोड झाली. झाडाच्या आत राहणारी एन्डोफाइट बुरशीही हे द्रव्य बनवते, असं २००५ साली नरक्यावरच दाखवलं गेलं. म्हणून ही बुरशी झाडातून वेगळी करण्याचं काम मन लावून करण्यासारखं आहे.

वनखात्याची परवानगी आधी घ्या. निरोगी झाडाची पेन्सिलीएवढी जाड एकच डहाळी पुरते. ती कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये दमट होऊन सालीवरच्या बुरश्या माजतात. २४ तासांत कामाला लागा.

डहाळी वाहत्या पाण्याखाली १० मिनिटं धुवा. मग ७०% इथेनॉलमध्ये १ मिनिट, ४% सोडियम हायपोक्लोराइटमध्ये ३ मिनिटं, पुन्हा इथेनॉलमध्ये ३० सेकंद, शेवटी निर्जंतुक पाण्यात तीन वेळा. पानांना हायपोक्लोराइट १ मिनिटच द्या, जास्त झालं तर आतली बुरशीही मरते.

यापुढची पायरी हमखास गाळली जाते. धुतलेला तुकडा कापण्याआधी बुरशी वाढवायच्या माध्यमाच्या एका कोऱ्या प्लेटवर हलकेच दाबून उचला आणि शेवटच्या धुण्याचं पाणी दुसऱ्या प्लेटवर पसरा. यांपैकी कुठेही काही उगवलं, तर ती संपूर्ण खेप फेकून द्या. मिळालेली बुरशी आतली की बाहेरची, हे त्यानंतर कुणालाच सांगता येत नाही.

आता ५ मिमीचे तुकडे कापून पीडीए (बटाटा-डेक्स्ट्रोज-अगार) माध्यमावर ठेवा: लिटरला २०० ग्रॅम बटाट्याचा अर्क, २० ग्रॅम डेक्स्ट्रोज, १५ ग्रॅम अगार. ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने) निर्जंतुक केल्यानंतर माध्यम ५० अंशांवर आलं की लिटरला १०० मिग्रॅ स्ट्रेप्टोमायसिन हे प्रतिजैविक घाला, उकळत्यात घातलं तर ते निकामी होतं. २५ ते २८ अंशांवर ठेवून रोज पाहा. कापलेल्या कडेतून धागे फुटले की फक्त टोक उचलून नव्या प्लेटवर न्या. ट्रायकोडर्मासारखी झपाट्याने पसरणारी बुरशी दिसताच तुकडा हलवा, नाहीतर सावकाश वाढणाऱ्या बुरश्या तिच्याखाली गडप होतात. त्यांना तीन आठवडे तरी द्या.

शुद्ध बुरशी द्रव माध्यमात १० ते १४ दिवस हलवत वाढवा. गाळलेल्या द्रवातून क्लोरोफॉर्मने द्रव्य काढण्याआधी तो द्रव आम्लधर्मी करा. अल्कलीत कॅम्प्टोथेसिनच्या रेणूतलं लॅक्टोन नावाचं वलय उघडतं आणि द्रव्य पाण्यातच राहतं. टीएलसीवर (द्रव्यं वेगळी करणाऱ्या पातळ थराच्या पट्टीवर) ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात ते निळं चमकतं, पण इतरही बरंच काही तसंच चमकतं, म्हणून खात्री एलसी-एमएसवर (द्रव्यं वेगळी करून रेणूंचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर) शुद्ध नमुन्याशी ताडूनच करा. द्रव्य विषारी आहे. हातमोजे आणि फ्यूम हूड हवेतच.

पहिल्या पिढीत सापडलेला कॅम्प्टोथेसिनचा अंश झाडाच्या तुकड्यातून आलेला असू शकतो. बुरशी तीन वेळा नव्या माध्यमावर नेऊन मगच मोजा. पिढ्यांमागून पिढ्या उत्पादन घटत जातं, हे या क्षेत्रातलं जुनं दुखणं आहे. त्यामुळे सुरुवातीची पिढीच १५ ते २०% ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर साठवा आणि प्रत्येक नवी खेप तिथूनच सुरू करा.