गिरण्यांवर पेपर लिहिताय? सोर्स शोधताना या चुका टाळा

उद्योग या विषयावर पेपर द्यायचा म्हटलं की बरीच पोरं मुंबईच्या नाहीतर सोलापूरच्या कापड गिरण्या घेतात, आणि आठवड्याभराने गाईडसमोर रडगाणं सुरू, की मॅडम काहीच मिळत नाहीये हो. मिळतं, ढिगाने मिळतं, फक्त आपण ज्या नावाने शोधतोय त्या नावाखाली ते ठेवलेलं नसतं.

माझंच सांगतो. लायब्ररीच्या इंग्रजी कॅटलॉगमध्ये दोन दिवस सोलापूर टाईप करत बसलो, हाती काय लागलं तर दोन टुरिझमची पुस्तकं. शेवटी लायब्ररीतले मामा मागून म्हणाले, अरे एसच्या पुढे एच घाल, इंग्रज शोलापूर लिहायचे. घातला एच, आणि पुढचा सगळा दिवस नोंदी उतरवण्यात गेला. जुना गॅझेटियर, म्हणजे इंग्रज सरकारचा जिल्ह्याच्या माहितीचा ग्रंथ, त्याचा 1884 चा शोलापूरचा खंड, तोही याच स्पेलिंगने सापडतो. मुंबईचं तसंच, नाव बदललं 1995 ला, त्याआधीचं बहुतेक सगळं बॉम्बेखाली. पुण्याचं पूना. आणि नुसतं टेक्स्टाईल इंडस्ट्री टाकू नका, कॉटन मिल टाका, जॉबर (गिरणीत कामगार भरणारा मुकादम) टाका, बदली कामगार (गैरहजर माणसाच्या जागी घेतलेला) टाका, जुन्या रिपोर्टात हेच शब्द आहेत.

दुसरं म्हणजे एकाच कपाटापुढे उभं राहणं. ड्युई पद्धतीची, म्हणजे विषयाला नंबर देऊन पुस्तकं लावणारी लायब्ररी असेल तर उद्योगधंदे 338 ला, कामगार आणि संप 331 ला, कापड कसं बनतं ते 677 ला, आणि शहराचा इतिहास पार 954 ला. म्हणजे गिरणी एकच, कपाटं चार.

आता आकडे. इथे सगळ्यात जास्त मार्क जातात. पोरं वार्षिक औद्योगिक पाहणी म्हणजे एएसआय उघडतात आणि त्यातून इचलकरंजी-भिवंडीच्या यंत्रमागांवर निष्कर्ष काढून मोकळी होतात. अरे बाबांनो, ती पाहणी मुळात 1948 च्या कारखाने कायद्याखाली नोंदलेल्या कारखान्यांची, त्या कायद्यात (2025 ला त्याच्या जागी नवी संहिता आली) वीज वापरत असाल तर किमान 10 कामगार आणि नसाल तर 20 लागायचे, मग घराच्या मागे शेडमध्ये चार-सहा माग टाकून बसलेला माणूस त्यात येणार कुठून? त्यामुळे टेबल कॉपी करायच्या आधी त्या टेबलात कोण मोजलंय आणि कोण सुटलंय ते वाचा, पहिल्या काही पानांत लिहिलेलं असतं, आपण तेच सोडून खाली स्क्रोल करतो.

शोधगंगावर, म्हणजे विद्यापीठांच्या प्रबंधांच्या साईटवर, जाता ते बरंच आहे पण तिथे प्रबंध प्रकरणागणिक वेगवेगळ्या पीडीएफमध्ये असतो, आणि सगळे पहिलं प्रकरण डाउनलोड करून थांबतात. उलट करा, आधी शेवटची संदर्भसूचीची फाईल उघडा. कोणीतरी चार-पाच वर्षं घासून केलेली यादी आयती मिळते (यादीवरून मूळ पुस्तक शोधायचं, यादीच चिकटवायची नाही!). मराठी प्रबंधातला उतारा कॉपी केल्यावर अगम्य अक्षरं आली तर पीडीएफ बिघडलेली नाही, फॉन्ट जुना आहे, युनिकोड नाही. म्हणूनच त्यात सर्चपण चालत नाही, अनुक्रमणिका बघून पानं चाळावी लागतात, इलाज नाही. स्कॅन केलेल्या मराठी पुस्तकांतही बहुतेक वेळा सर्च चालत नाही.

दोन सोर्समध्ये दोन तारखा आल्या की घाबरून एक खोडू नका. मुंबईच्या पहिल्या गिरणीचं, म्हणजे कावसजी दावरांच्या, कुठे 1854 दिसेल कुठे 1856. कंपनी काढली 1854 ला, गिरणी सुरू झाली 1856 ला, दोन्ही बरोबर. मुंबईच्या गिरणी संपाचंही बघा, तो सुरू झाला 18 जानेवारी 1982 ला, पण म्हणून त्याच वर्षी सगळ्या गिरण्या बंद पडल्या असं लिहिलंत तर परीक्षक लाल पेनाने गोल करणारच, बऱ्याच गिरण्या पुढे हळूहळू बंद झाल्या.

एआयला संदर्भ मागितलेत तर लेखक, वर्ष, पान सगळं झोकात देतो, आणि पुस्तक अस्तित्वातच नसतं. कॅटलॉगमध्ये दिसलं नाही तर घ्यायचंच नाही.

आणि पुस्तक परत करायच्या आधी मुखपृष्ठाच्या आतल्या पानाचा, जिथे प्रकाशक आणि वर्ष असतं, मोबाईलवर फोटो काढा. मी काढला नव्हता, सबमिशनच्या आदल्या दिवशी एका सालासाठी एसटीने परत गेलो, आणि त्या दिवशी लायब्ररीला सुट्टी.